अमेरिकेतल्या प्रायमरी डिबेटमध्ये कोण चांगलं बोललं, हे स्वतः कसं ठरवायचं?

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे: प्रायमरीची (पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानाची) डिबेट संपते, एक वाहिनी एकाला विजयी ठरवते, दुसरी दुसऱ्याला, सोशल मीडियावर तिसऱ्याचाच उदोउदो चालू असतो आणि महिन्याभराने चौथाच कुणीतरी पुढे असतो. मग भारतात बसून बघणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा?

माझं म्हणणं असं की ‘कोण जिंकलं’ हा प्रश्नच आधी बाजूला ठेवा. मंचावर आठ-दहा जण असतात आणि प्रत्येक जण वेगळं काम घेऊन आलेला असतो. आघाडीवर असलेल्याला फक्त घसरायचं नसतं. एक टक्क्यावर असलेल्याला लोकांच्या लक्षात राहायचं असतं, नाहीतर पुढच्या डिबेटचं तिकीटच कापलं जातं. त्यामुळे ज्याचं जे काम होतं ते त्या रात्री झालं का, हे प्रत्येकाबाबत वेगळं विचारावं लागतं.

म्हणून खरी तयारी डिबेटच्या आदल्या दिवशी. प्रत्येक उमेदवारापुढे एकच ओळ लिहून ठेवा: पोलमध्ये (मतचाचण्यांत) देशपातळीवर किती टक्के, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या सुरुवातीला मतदान होणाऱ्या राज्यांत किती, आणि आज याला काय हवंय. सोबत त्या डिबेटच्या प्रवेशाच्या अटी वाचा, कारण अर्धं वागणं तिथून कळतं. 2019 च्या जूनमध्ये मायामीत डेमोक्रॅट्सची पहिली डिबेट दोन रात्री झाली, दहा-दहा असे वीस उमेदवार. अट होती तीन पोलमध्ये 1 टक्का किंवा 65,000 देणगीदार. सप्टेंबरच्या ह्यूस्टनच्या डिबेटला हीच अट 1,30,000 देणगीदार आणि शिवाय चार पोलमध्ये 2 टक्के अशी झाली आणि मंचावर दहाच उरले. देणगी एक डॉलरची असली तरी देणगीदार मोजला जातो. त्यामुळे तळाचा उमेदवार अचानक कुणावर तरी तुटून पडला किंवा बोलता बोलता आपल्या वेबसाइटचं नाव घेऊन गेला, तर बावचळू नका, तो आपलं काम करतोय. (2023 मध्ये रिपब्लिकन बाजूला 40,000 देणगीदारांची अट होती, तेव्हा डग बर्गम या उमेदवाराने एक डॉलर देणाऱ्याला वीस डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं होतं. तिकीट मिळालंही.)

आता प्रत्यक्ष बघताना. पूर्व किनाऱ्यावर रात्री नऊला सुरू होणारी डिबेट आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दिसते, हिवाळ्यात साडेसातला. थेट बघता येत नसेल तर रेकॉर्डिंग पूर्ण बघेपर्यंत फोनवर काही वाचू नका. हा सल्ला सगळ्यांना माहीत असतो आणि पाळत कुणी नाही. एकदा ‘अमक्याने तमक्याला गारद केलं’ असा मथळा वाचला की तुम्ही डिबेट बघत नाही, तो क्षण यायची वाट बघता.

कागदावर चार रकाने पुरे: प्रश्न काय होता; उत्तर दिलं, टाळलं की वळवलं; हल्ला कुणी कुणावर केला आणि त्याला उत्तर काय आलं; आणि नवीन माहिती काय मिळाली (आकडा, तारीख, धोरणाचा तपशील). दुसऱ्या रकान्यात एक-एक अक्षर लिहा, नाहीतर वेग सांभाळता येत नाही. मायामीत एका उत्तराला 60 सेकंद होते आणि पुढच्या प्रत्युत्तराला 30. एवढ्यात धोरण समजावून सांगता येत नाही, तेव्हा तपशील दिला नाही म्हणून गुण कापणं अन्यायाचं होईल. पण 60 सेकंदांत निदान हो की नाही हे तरी सांगता येतं. ते न सांगणाऱ्याचे मात्र कापा.

बोलायला मिळालेला वेळ माध्यमं दुसऱ्या दिवशी मिनिट-सेकंदांसह छापतात. तो आकडा जपून वापरा. मायामीच्या दुसऱ्या रात्री अँड्र्यू यांग यांना तीन मिनिटांच्या आसपास वेळ मिळाला, जो बायडन यांना त्याच्या चौपटीहून जास्त. यात यांग यांची चूक किती? सूत्रसंचालकांनी प्रश्न कुणाला विचारले, कुणाचं नाव घेऊन हल्ला झाला (कारण मग त्याला प्रत्युत्तराची संधी मिळते) आणि मध्यभागी कोण उभं होतं, यावर वेळ ठरतो. मधली जागा पोलमध्ये पुढे असलेल्यांना देतात. म्हणून एकूण मिनिटं मोजण्याऐवजी, न विचारता घुसून घेतलेला वेळ आणि मिळालेल्या वेळेचा उपयोग, हे दोन वेगळे धरा.

हल्ल्यांचं मोजमाप सर्वांत जास्त चुकतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. 6 फेब्रुवारी 2016 ला न्यू हॅम्पशायरच्या मँचेस्टरमध्ये रिपब्लिकन डिबेट होती. मार्को रुबिओ आयोवात 23 टक्के मतं घेऊन तिसरे आले होते आणि चढत होते. त्यांच्या अनुभवाबद्दल प्रश्न आला तेव्हा त्यांनी पाठ केलेलं एक वाक्य म्हटलं: ओबामांना आपण काय करतोय ते कळत नाही, हा समज आता सोडून द्या, त्यांना पक्कं कळतंय. मंचावरचे दुसरे उमेदवार ख्रिस ख्रिस्टी यांनी पकडलं की हे पंचवीस सेकंदांचं पाठांतर आहे, सल्लागारांनी लिहून दिलेलं. त्यावर रुबिओंनी उत्तर म्हणून जवळपास तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ख्रिस्टी म्हणाले, बघा, हेच ते. आणि रुबिओ परत तिथेच गेले. हल्ला का लागला ते नीट बघा. ख्रिस्टींचा शब्द काही फार धारदार नव्हता. आरोपाचा पुरावा आरोपीनेच, त्याच क्षणी, लाखो लोकांसमोर दिला. तीन दिवसांनी, 9 फेब्रुवारीला, न्यू हॅम्पशायरच्या मतदानात रुबिओ पाचवे आले आणि डिबेटमध्ये आपण कमी पडलो, हे त्याच रात्री समर्थकांसमोर त्यांनी स्वतः मान्य केलं. ख्रिस्टींना काय मिळालं? सहावा क्रमांक, आणि दुसऱ्या दिवशी माघार.

म्हणजे हल्ल्याच्या रकान्यात दोन निकाल लिहायचे: समोरच्याचं किती नुकसान झालं आणि हल्ला करणाऱ्याला किती फायदा झाला. उमेदवार बरेच असतील तर समोरच्याकडून निसटलेली मतं तिसऱ्याच्याच पदरात पडू शकतात. कधी तर हल्ला उलटतो. ह्यूस्टनमध्ये हुलियन कास्त्रो यांनी बायडन यांना, दोन मिनिटांपूर्वी काय बोललात ते विसरलात का, असं विचारलं. सभागृहातून ओरडा झाला, पण आरोप आरोग्यविम्याच्या एका बारीक तपशिलावर उभा होता आणि ट्रान्स्क्रिप्ट वाचल्यावर कास्त्रोंची बाजू लंगडी दिसली. अशा वेळी वयावरून टोमणा मारल्याची भावनाच उरते. त्यामुळे प्रत्येक मोठ्या चकमकीचा छापील मजकूर वाचून मगच तिला गुण द्या.

टाळ्यांचंही असंच. 2012 च्या जानेवारीत साउथ कॅरोलायनाच्या चार्ल्सटनमध्ये न्यूट गिंग्रिच यांना पहिलाच प्रश्न त्यांच्या घटस्फोटित पत्नीच्या मुलाखतीवर आला. त्यांनी सूत्रसंचालकालाच फैलावर घेतलं, सभागृह उभं राहिलं, आणि दोन दिवसांनी ते 40 टक्के मतं घेऊन ते राज्य जिंकले. लगेच पुढच्या सोमवारी फ्लोरिडातल्या टँपाला डिबेट झाली, तिथे प्रेक्षकांना गप्प बसायला सांगितलं होतं. तेच गिंग्रिच तिथे फिके वाटले आणि नंतर त्यांनी त्या शांततेबद्दल तक्रारही केली. फ्लोरिडा ते 46 विरुद्ध 32 असे हरले. त्या पराभवात प्रतिस्पर्धी मिट रॉम्नींच्या जाहिरातींचा वाटा मोठा होता, तरीही टाळ्या काढून घेतल्यावर उमेदवार किती उरतो, हे त्या आठवड्याने स्वच्छ दाखवलं. घरी करून बघायचं असेल तर गाजलेली दोन-तीन उत्तरं आधी वाचा, मग ऐका. वाचताना ज्यात काहीच सापडत नाही ते उत्तर सभागृहाने उचललेलं असतं.

आता दुसऱ्या दिवशीची सकाळ. चांगली डिबेट तीच, जी दुसऱ्या दिवशीच्या साध्या प्रश्नाला टिकते. मायामीत कमला हॅरिस यांनी शाळांच्या बसिंगवरून (वर्णभेद मोडण्यासाठी मुलांना दूरच्या शाळेत बसने नेण्याची योजना) बायडन यांना घेरलं, आपण स्वतः तशी बसमधली लहान मुलगी होतो असं सांगितलं. मंचावरची कामगिरी म्हणून ती अव्वल होती. पोलमध्येही त्या झटकन वर गेल्या, एका पोलमध्ये तर 20 टक्के, बायडन 22. पण पत्रकारांनी लगेच विचारलं की आज केंद्र सरकारने बसिंग सक्तीचं करावं का, आणि तिथे त्यांची भूमिका बायडनपेक्षा फार वेगळी निघाली नाही. त्याच रात्री खासगी आरोग्यविमा बंद कराल का या प्रश्नावर त्यांनी हात वर केला होता आणि सकाळी प्रश्न वेगळा ऐकू आला असं सांगितलं. 3 डिसेंबर 2019 ला, एकही मत पडण्याआधी, त्या शर्यतीबाहेर होत्या. माझ्या मते त्या रात्रीचे हॅरिस यांचे गुण कापायचं कारण नाही, पण ‘सादरीकरण’ आणि ‘त्यामागची भूमिका’ यांना वेगळे गुण दिले असते तर पुढची घसरण इतकी अनपेक्षित वाटली नसती.

पोल वाचताना तीन ठिकाणी फसायला होतं. वेबसाइटवर कुणीही बटण दाबून मत देतो ते पोल सरळ सोडून द्या, त्यात फक्त कुणाचे चाहते जागे आहेत ते कळतं. दुसरं, पोलची छापल्याची तारीख बघू नका, मुलाखती कधी घेतल्या ते बघा. डिबेटनंतर छापलेल्या पोलच्या अर्ध्या मुलाखती कधी कधी आधीच झालेल्या असतात. तिसरं, अधिक-उणे चार टक्क्यांची चूक धरलेल्या पोलमध्ये कुणी 2 वरून 3 वर गेला याला काही अर्थ नाही, त्याचं मथळ्यात ‘उसळी’ झालं तरी. आठ-दहा दिवस थांबून तीन-चार पोल एकत्र बघा.

सगळ्यांत उपयोगी पोल तो, जो त्याच माणसांना डिबेटच्या आधी आणि नंतर विचारतो, आणि ‘मत कुणाला’ याच्या जोडीने ‘कुणाकुणाचा विचार कराल’ हेही विचारतो. प्रायमरीत लोकांच्या मनात एकाच वेळी दोन-तीन नावं असतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये मिलवॉकीच्या रिपब्लिकन डिबेटनंतर ‘सर्वांत चांगलं कोण बोललं’ यात डिसँटिस आणि रामास्वामी पुढे होते, निकी हेली तिसऱ्या. पण हेलींचा विचार करू म्हणणारे 30 टक्क्यांच्या आसपास होते ते 45 च्या पुढे गेले. त्या रात्रीची खरी बातमी ती होती. पुढे शेवटपर्यंत ट्रम्पसमोर उरल्या त्याही हेलीच.

मग कॅलेंडर. 19 फेब्रुवारी 2020 ला नेवाडातल्या लास व्हेगासमध्ये एलिझाबेथ वॉरन यांनी मायकेल ब्लूमबर्ग यांना गोपनीयतेच्या करारांवरून (त्यांच्याविरुद्ध तक्रार केलेल्या महिलांना त्याबद्दल बोलायला बंदी घालणारे करार) जे धरलं, ते अजोड म्हणूनच बघावं. दोन दिवसांत ब्लूमबर्गना तीन महिलांना करारातून मोकळं करायची तयारी दाखवावी लागली. पण नेवाडातलं आगाऊ मतदान आदल्याच दिवशी संपलं होतं. एक लाख पाच हजारांच्या आसपास मतदारांपैकी जवळपास 75 हजारांनी ती डिबेट बघण्याआधीच मत दिलं होतं. वॉरन तिथे चौथ्या आल्या. त्याच महिन्यात एमी क्लोबुचर यांची 7 तारखेची डिबेट चांगली झाली, न्यू हॅम्पशायरचं मतदान 11 ला होतं आणि त्या थेट तिसऱ्या आल्या. वॉरन यांची रात्र क्लोबुचर यांच्यापेक्षा सरस होती, फळ मात्र क्लोबुचर यांना मिळालं. त्यामुळे कागदाच्या कोपऱ्यात पुढच्या मतदानाची तारीख आणि आगाऊ मतदान कधी सुरू होतं ते लिहाच. डेमोक्रॅटिक पक्षात 15 टक्क्यांखाली राहिलात तर डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मिळत नाहीत, ती रेषाही तिथेच आखून ठेवा. 12 वरून 16 होणं आणि 4 वरून 8 होणं सारखं नाही.

राहिला न आलेला उमेदवार. त्याचाही रकाना ठेवा. ट्रम्प 2016 मध्ये आयोवाच्या आधीच्या डिबेटला गेले नाहीत आणि आयोवा टेड क्रूझ यांच्याकडून हरले. 2023 मध्ये एकाही डिबेटला गेले नाहीत आणि आयोवात निम्म्याहून जास्त मतं घेऊन जिंकले. तेव्हा गैरहजेरी चांगली की वाईट हे आधीच ठरवू नका. मंचावरच्या किती जणांनी त्याच्यावर टीका करायची हिंमत केली ते मोजा. मिलवॉकीत, ट्रम्प दोषी ठरले तरी पाठिंबा द्याल का असं विचारल्यावर आठपैकी सहा जणांनी हात वर केले. ट्रम्प यांच्या रकान्यात त्या रात्री एवढी एकच नोंद पुरेशी होती.