बुरशी धरलेले फणसाचे कपाट

प्रश्न : आमच्या जुन्या फणसाच्या कपाटावर पावसात बुरशी धरली असून लाखेचे पॉलिश पांढुरके पडले आहे. कमी खर्चात ते घरीच नीट करता येईल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : अवश्य येईल, मात्र दमट हवेत लावलेले लाखेचे पॉलिश पुन्हा पांढुरके पडत असल्यामुळे नोव्हेंबरपर्यंत थांबावे. मास्क लावून बुरशी ओलसर फडक्याने पुसावी, कपाट पूर्ण वाळू द्यावे आणि आधी 120, मग 220 नंबरचा पॉलिश कागद लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा, कारण आडवे ओरखडे पॉलिशखाली अधिकच उठून दिसतात. त्यानंतर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पातळ हात द्यावेत. स्पिरिट पेट घेते, तेव्हा समई, शेगडी दूर हवी. फणसाचे लाकूड काळानुसार सुंदर तपकिरी होते, म्हणून त्यावर ऑईलपेंट कृपया चढवू नये. कपाट भिंतीपासून चार बोटे सुटे ठेवावे.