मुंबईत रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याने व्हिसलरला जाऊन क्रॉस-कंट्री करावं की डाउनहिल?

जुलैत बहिणीकडे कॅनडात व्हँकुव्हरला जाताय, तिथून व्हिसलरच्या स्की रिसॉर्टवर दोन दिवस काढायचे आहेत, रविवारी पाम बीच रोडवर साठ-सत्तर किलोमीटर सायकल मारता आणि मातीवर कधी चालवलेली नाही. डाउनहिलकडे ओढा आहे, कारण 'लिफ्ट वर नेते, आपण फक्त उतरायचं, दमायला होणार नाही'. हो ना?

माझंही मत डाउनहिललाच आहे, फक्त तुमचं कारण मला पटत नाही.

क्रॉस-कंट्री म्हणजे चढ-उतार सगळं स्वतःच्या पायांवर. त्यासाठी व्हिसलरपर्यंत जायची गरज नाही. मी मुलुंडला राहते, ठाण्याच्या येऊरचा चढ जवळच आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीकडे जाणारा रस्ता आहे, आणि मातीच्या वाटा हव्या असतील तर पुण्याची वेताळ टेकडी आहे. (येऊरच्या जंगलात परवानगीशिवाय शिरू नका. वनखात्याचा दंड सोडा, बिबटे आहेत.) दर रविवारी साठ किलोमीटर करणाऱ्याचा दम क्रॉस-कंट्रीला पुरतो. पण सायकलीसकट डोंगरावर नेणारी लिफ्ट आणि खाली उतरायला खास बांधलेल्या वाटा आपल्याकडे कुठे आहेत? तेव्हा पैसे खर्चायचेच तर तिथे खर्चा.

आता दमण्याचं. डाउनहिलमध्ये पाय दमतात ते पेडल मारून नाही, तर सतत अर्धवट वाकून उभं राहिल्याने, कारण सीटवर बसून कोणी उतरत नाही. त्याहून आधी दमतात हात. वाटेवर मुळं, दगड, आणि वळणाआधी सगळे ब्रेक मारतात म्हणून मातीत उमटलेल्या खळग्यांच्या रांगा. नवखा रायडर हँडल घट्ट आवळून धरतो, चारही बोटं ब्रेकवर ठेवतो, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत त्याचे हात भरून येतात. मग ब्रेक दाबायचा म्हटलं तरी बोटं ऐकत नाहीत. पडतात ते बहुतेक तेव्हाच. जागतिक स्पर्धांतली डाउनहिलची एक फेरी साधारण तीन ते पाच मिनिटांची असते आणि ऑलिंपिक पद्धतीची क्रॉस-कंट्री शर्यत जवळपास दीड तास चालते, तरी खाली पोचल्यावर डाउनहिलवालेही हात झटकत उभे दिसतात.

हा खेळ पहिल्यापासून ब्रेकचाच आहे. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत काही मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावायची. पेडल उलटं फिरवून लागणारे ब्रेक होते ते. इतके तापायचे की चाकाच्या मधोमध असलेल्या हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि खाली आल्यावर नवं ग्रीस भरावं लागायचं. आजच्या माउंटन बाइकचा वंश तिथून सुरू झाला. क्रॉस-कंट्री 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये गेली, डाउनहिल अजून गेलेली नाही. स्की रिसॉर्टवाल्यांनी मात्र तिला जवळ केलं. बर्फ वितळला की लिफ्ट रिकाम्या, हॉटेलं रिकामी. तेव्हा लिफ्टच्या टांगत्या खुर्च्यांना सायकली अडकवायची सोय करून उन्हाळ्याचं गिऱ्हाईक आणलं. व्हिसलर त्यातलं सगळ्यात नावाजलेलं. फ्रान्समध्ये ले झे आणि मोर्झिन, स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यम, ऑस्ट्रियात लिओगांग अशी बाकीची.

आता मुंबईकरासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी या विषयावरच्या इंग्रजी व्हिडिओंमध्ये सहसा सापडत नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताशी पुढच्या चाकाचा ब्रेक असतो. मोटरसायकललाही तसंच. कॅनडात उलटं: डावा हात पुढचं चाक, उजवा हात मागचं. भाड्याची सायकल तशीच मिळणार. सपाटीवर हे लक्षात राहतं. उतारावर समोर अचानक दगड आला की हात जुन्याच सवयीने चालतो, आणि मागचं चाक हळूच दाबायला गेलेला माणूस पुढचं चाक करकचून लावून हँडलवरून समोर जातो. सायकल देताना दुकानदाराला ब्रेक अदलाबदल करून मिळतील का, हे नक्की विचारा. नाही म्हणाला तर वर जायच्या आधी सवय बदला.

त्यासाठीच पहिली संध्याकाळ लॉस्ट लेकला घालवा. व्हिसलर गावातून अगदी जवळ आहे. हिवाळ्यात तिथे क्रॉस-कंट्री स्कीइंग चालतं आणि उन्हाळ्यात त्याच जंगलात सायकलच्या सोप्या-मध्यम वाटा असतात. साधी माउंटन बाइक घ्या, तास-दीड तास फिरा, एकेका बोटाने ब्रेक लावून बघा. क्रॉस-कंट्रीची हौसही भागेल. मुंबई आणि व्हँकुव्हरच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो, तेव्हा विमानातून उतरल्या उतरल्या लिफ्टच्या रांगेत उभं राहू नका, एवढंही सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टचं तिकीट, डाउनहिल सायकल आणि प्रशिक्षक, तिन्ही एकत्र घ्या. प्रशिक्षकावर पैसे वाचवू नका, वाचवायचे तर जेवणावर वाचवा. सायकल बघून दचकाल: पुढे आणि मागे प्रत्येकी सुमारे 200 मिलिमीटर दबणारं सस्पेन्शन (धक्के शोषणारी यंत्रणा), वजन सोळा किलोच्या आसपास, सीट इतकी खाली की बसून पेडल मारणं नकोसं होतं. क्रॉस-कंट्रीच्या सायकलीला 100 ते 120 मिलिमीटर पुरतं, कारण तिला चढायचंही असतं. टायरमधली हवा बघूनही तुम्हाला पंक्चर झाल्यासारखं वाटेल. तुमच्या हायब्रिड सायकलीत साठ-सत्तर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरत असाल, इथे पंचविशीच्या आसपास. टायर दबून मातीला धरून राहावा म्हणून ती मुद्दाम कमी असते. भरून घेऊ नका.

वाटांच्या खुणा स्कीइंगवरूनच आलेल्या: हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा डायमंड अवघड, दोन काळे डायमंड म्हणजे आपण त्या बाजूला फिरकायचं नाही. युरोपात मध्ये लाल रंगही येतो. 'ईझी डझ इट' ही हिरवी वाट आहे, तिथून सुरुवात करा. ती सलग दोनदा ब्रेक करकचून न आवळता उतरता आली तर 'बी-लाइन', जी निळी. 'ए-लाइन' चे व्हिडिओ तुम्ही पाहिले असणार, कारण सगळेच पाहतात. ती काळी आहे आणि उड्यांवर उड्या आहेत. चालत्या सायकलीची दोन्ही चाकं जमिनीवरून न घाबरता उचलता येत नसतील तर ती या खेपेला सोडून द्या. बहीण बघायला आली असेल तरी.

जुलैपर्यंतची तयारी इथेच होईल. स्पीडब्रेकरची मुंबईत वानवा नाही. प्रत्येकावर सीट सोडून उभे राहा, पेडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, कोपरं बाहेर; ब्रेकर चढताना अंग सैल सोडायचं आणि उतरताना सायकल खाली ढकलायची. नजर चाकाजवळ नाही, पुढे. येऊरहून उतरताना फक्त तर्जनीने ब्रेक लावायची सवय लावा आणि वळणात शिरायच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. व्यायामशाळेत जात असाल तर बारला नुसतं लटकण्याची वेळ वाढवत न्या, मुठी त्यानेच तयार होतात. पाऊस सुरू झाल्यावर मातीच्या वाटांवर जाऊ नका. चिखलात सायकल शिकण्यापेक्षा धुण्यातच वेळ जातो, आणि वाटही खराब होते. तिथे जुलैत नेमकं उलटं, कोरडी धूळ असते.

हेल्मेट इथून न्यावं का, हे तुम्ही शेवटी विचारलंय. तुमचं रस्त्याचं हेल्मेट लॉस्ट लेकपुरतं ठीक, डाउनहिलला हनुवटी झाकणारं फुल-फेस लागतं आणि ते गुडघ्या-कोपरांच्या पॅडसह तिथे भाड्याने मिळतं. हातमोजे मात्र स्वतःचे न्या, दुसऱ्याच्या घामाचे मोजे घालणं जिवावर येतं. बूट सपाट तळव्याचे हवेत, धावण्याचे मऊ बूट पेडलवर घसरतात. आणि तिकीट काढताना ट्रॅव्हल इन्शुरन्सची कलमं वाचा. कित्येक पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात, जादा हप्ता भरून ते घालून घ्यावे लागतात. कॅनडातल्या हॉस्पिटलचं बिल परदेशी माणसाला पूर्ण भरावं लागतं, तेव्हा 'माउंटन बाइकिंग' पॉलिसीत धरलंय आणि लिफ्टने जाऊन उतरणंही त्यात येतं, असं कंपनीकडून ईमेलवर लेखी मागून घ्या. एजंट फोनवर 'हो हो, सगळं कव्हर आहे' म्हणाला, एवढ्यावर जाऊ नका.