छत उघडं, घाट समोर: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी पसरणी घाटात छत उघडं ठेवून गाडी चालवल्याचं चार ओळीत लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. नवीन वाचकांसाठी सांगते, माझी गाडी म्हणजे सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेडफोर, दोनच सीट, बटण दाबलं की पत्र्याचं छत दुमडून डिकीत जातं. सात वर्षं झाली माझ्याकडे येऊन.

ताई, माझं वय ६१, बँकेतून रिटायर झालोय. कॉलेजात असल्यापासून उघड्या छताची स्पोर्ट्स कार घ्यायचं मनात आहे, आता थोडे पैसे बाजूला पडलेत. मुलगा म्हणतो बाबा त्यात नुसता शो असतो, पुण्यात चालवणार कुठे, त्यापेक्षा मस्त एसयूव्ही घ्या. खरंच सांगा, घाटात त्या गाडीत असं वेगळं काय मिळतं? — एक वाचक, कोथरूड

काका, मुलाचं अर्धं बरोबर आहे. कर्वे रोडच्या सिग्नलला दुपारी छत उघडून बसलात तर डोक्यावर ऊन आणि शेजारच्या टेम्पोचा धूर, बाकी काही नाही. पण ही गाडी त्यासाठी नाहीच आहे हो. ती रविवारी पहाटे पाचला घरातून काढायची आणि साडेनऊ-दहाला परत छत लावायचं, यासाठी आहे.

एक डिसेंबरातली सकाळ सांगते. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला वाईकडे वळले, तिथे बाजूला थांबून छत उघडलं, वीसेक सेकंद लागतात. वाईत डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान ११ दाखवत होतं, कृष्णेवर धुकं, बोटं गारठलेली. मग पसरणी घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर गालाला एकदम ऊब लागली, बघते तर १५. वर चढतोय म्हणजे गार व्हायला पाहिजे ना? एरवी होतंच, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात, पण थंडीत आकाश निरभ्र असलं की रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि दरीत साचून राहते, त्यामुळे पहाटे खाली वाईत जास्त थंडी आणि घाटाच्या मध्यावर ऊब. हे मी शाळेत भूगोलात वाचलं होतं. कळलं मात्र त्या वळणावर, गालाला. त्याच घाटाने बंद गाडीतून मी शंभर वेळा तरी गेले असेन, काचा वर, एसी चालू, कधी जाणवलं नाही.

आणि आवाज! डोंगराची कापलेली भिंत बाजूला असते तेव्हा इंजिनाचा आवाज तिच्यावर आपटून परत तुमच्याकडे येतो, भरदार, आणि वळण संपून दरीची बाजू आली की तोच आवाज एकदम निघून जातो, जसं कोणी दार उघडलं. डोळे बांधून बाजूला बसवलं तरी दरी कधी आली ते मी सांगेन. वासाचंही तेच, घाणेरीचा उग्र वास, कुठे चुलीचा धूर, एप्रिलमध्ये कच्च्या करवंदांचा आंबूस वास. त्यात एक वास कामाचा पण असतो, पुढे वळणापलीकडे लोड भरलेला ट्रक उतरत असेल तर तापलेल्या ब्रेकचा करपट वास तो ट्रक दिसायच्या आधी नाकात येतो, मी तिथेच पायडलवरून पाय काढते. एसटीचा हॉर्नही कुठून येतोय ते नीट कळतं.

शोचं म्हणाल तर काका, घाटात सकाळी सहाला बघायला असतं कोण? आणि वेग म्हणाल तर मी पसरणीत बहुतेक वेळ ४० च्या आसपास असते. बंद मोठ्या गाडीत ४० म्हणजे कंटाळा येतो, इथे ४० ला हातभर अंतरावरून खडक जातोय, सीट जमिनीला टेकल्यासारखी खाली, आणि माझ्या गाडीत तर तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांवर बसता, पुढे लांब बॉनेट, त्यामुळे गाडी वळते ती आधी कंबरेला कळते. जपानच्या माझदाने १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये एमएक्स-फाईव्ह, म्हणजे मियाटा आणली, जेमतेम हजार किलोच्या आतली छोटी उघडी गाडी, ताकद फार नाही, तरी २०१६ मध्ये त्यांची दहा लाखावी गाडी बाहेर पडली. ती करताना त्यांनी जिनबा इत्ताई म्हणून एक शब्द धरला होता, घोडा आणि स्वार एकच. मला तो शब्द फार पटतो, कारण चांगल्या घोड्यावर बसलेल्या माणसाला वेगाची घाई नसते, त्याला घोड्याचं अंग कळत असतं. ती गाडी आपल्याकडे अधिकृतपणे विकत नाहीत, नाहीतर तुम्हाला डोळे मिटून तीच घ्या म्हटलं असतं.

घ्यायच्या आधी दोन गोष्टी मात्र करा. एक, गाडीत बसा आणि उतरा, लागोपाठ दहा वेळा, कारण सीट खूप खाली असते आणि ६१ व्या वर्षी गुडघे काय म्हणतात ते शोरूममध्येच कळलेलं बरं (आधी पार्श्वभाग टेकवायचा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, असं केलं की सोपं जातं). दुसरं, तुमच्या सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर बघून ठेवा. या गाड्या जमिनीपासून फार कमी उंच असतात, पुण्यातले निम्मे स्पीडब्रेकर मी तिरप्याने घेते, एकेक चाक चढवत. एवढं जमलं तर घ्या काका, मुलाला पहिल्याच रविवारी बाजूला बसवून न्या.

रोडस्टर, कॅब्रिओले, टार्गा, कन्व्हर्टिबल... हे सगळं एकच का? — वाचक, पिंपरी

कन्व्हर्टिबल म्हणजे छत उघडणारी कुठलीही गाडी. त्यात दोन सीटची ती रोडस्टर, काही कंपन्या स्पायडर म्हणतात. मागेपण सीट असेल तर सहसा कॅब्रिओले. टार्गा म्हणजे डोक्यावरचा तुकडा निघतो पण मागे पक्की कमान राहते, पोर्शने १९६५ मध्ये आणली, नाव सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ या डोंगरी रस्त्यांवरच्या रेसवरून. आणि आपल्या देशात पण एक रोडस्टर झाली होती बरं का, सॅन स्टॉर्म, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, फायबरची बॉडी, रेनॉचं छोटं इंजिन. कुठे दिसली तर थांबून बघा, आता फार कमी उरल्यात.

ताई, माझ्याकडे बाबांची २००९ ची हॅचबॅक आहे, एक गॅरेजवाला छत कापून कन्व्हर्टिबल करून देतो म्हणतोय, ऐंशी हजारात. करू का? वय २३. — वाचक, हडपसर

नको. अजिबात नको रे. तुझी हौस मला समजते, तुझ्या वयात माझ्या मनात पण हेच आलं असतं, पण हे नीट वाच. तुझ्या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाहीये, जमीन, खांब आणि छत मिळून एक डबा आहे आणि सगळा भार तो डबा वाहतो. बुटाच्या खोक्याचं झाकण काढ आणि दोन टोकं धरून पीळ, कसं वेडंवाकडं होतं? तुझी गाडी प्रत्येक घाटातल्या वळणावर तशीच पिळवटेल, आधी दारं नीट लागेनाशी होतील, मग काचेला तडे. कंपनी जेव्हा कन्व्हर्टिबल बनवते तेव्हा दाराखालचे बीम जाड करते, जमिनीत जास्तीचं लोखंड घालते, पुढच्या काचेची चौकट गाडी उलटली तरी टिकेल अशी करते, सीटच्या मागे रोल बार देते, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पक्की कमान. म्हणूनच छत नसून ती गाडी बरेचदा छतवालीपेक्षा जड असते. गॅरेजमध्ये यातलं काहीच होत नाही, नुसता ग्राइंडर फिरतो.

शिवाय कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलंय. उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न तोच विचारतील. ते ऐंशी हजार बाजूला ठेव, त्यात भर घालत राहा, आणि २०२० नंतरची कन्व्हर्टिबल टॉपची महिंद्रा थार सेकंडहँडमध्ये शोध. स्पोर्ट्स कार नाहीये ती मान्य, पण कंपनीनेच कापडी छताची बनवलीय, आत रोल केज आहे, आणि खराब रस्त्यावर तू माझ्यापेक्षा निवांत जाशील.

भाऊ परदेशातून आलाय, त्याच्या मित्राची उघडी स्पोर्ट्स कार एका रविवारसाठी मिळणार आहे. घाटात वळणं कशी घ्यायची? — वाचक, सिंहगड रोड

सगळा वेग वळणाच्या आधी कमी करा, सरळ रस्त्यावर असतानाच, गिअरही तिथेच खालचा टाका. वळणात शिरल्यावर ब्रेक मारायची वेळ आली म्हणजे तुम्ही जोरात आला होतात. नजर बॉनेटवर नको, वळण जिथे संपतंय तिथे ठेवा, हात आपोआप नजरेमागे जातात. रस्ता सरळ होताना दिसला की मग हळूहळू अॅक्सिलरेटर, हळूहळू म्हणतेय, कारण मागच्या चाकांनी ढकलली जाणारी ताकदवान गाडी असेल आणि वळणात एकदम पाय दाबलात तर मागचा भाग निसटू शकतो, त्यात सकाळी दव पडलेलं असतं, कडेला मुरूम आलेला असतो. हेअरपिनवर, म्हणजे रस्ता जिथे पूर्ण उलटा वळतो तिथे, समोरून एसटी येत असेल तर खाली थांबा, तिला वळायला अख्खा रस्ता लागतो.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवू नका, सारखे ब्रेक दाबून ते इतके तापतात की शेवटी पायडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. हेअरपिनवरची एसटी सोडली तर, अरुंद जागी समोरासमोर आलात की चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे, उतरणाऱ्याने थांबायचं. आणि ही गाडी बुटकी आहे हे विसरू नका, ट्रकच्या अगदी मागे किंवा बाजूला असलात तर त्या ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही. त्याच्या आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, एवढं साधं आहे.

पावसाळ्यात ताम्हिणीत छत उघडून जायचंय, जुलैमध्ये. कसं वाटतं? — वाचक, बावधन

जुलैमध्ये ताम्हिणीत छत बंद ठेवा. पाऊस तिथे पडतो तो असा तसा नाही, आणि शनिवार-रविवारी पौड सोडल्यापासून गाड्यांची रांग, रस्त्यावर माणसं, धुकं. मी दोन वर्षांपूर्वी पावसात पाण्याखालचा खड्डा न दिसल्याने टायर फाडून घेतला, माझ्या गाडीला स्टेपनी नाही, चार तास ओली होत टोइंगवाल्याची वाट बघितली. वरंध घाटाकडे तर पावसाळ्यात जायच्या आधी रस्ता चालू आहे का ते विचारूनच निघा, दरडींमुळे बरेचदा बंद करतात.

ऑक्टोबर येऊ द्या की. गवत अजून हिरवं-सोनेरी असतं, मुळशीचं पाणी भरलेलं, पिरंगुट पहाटे लवकर ओलांडलंत तर रस्ता तुमचाच. पावसाळ्यात करायचं काम दुसरं आहे, छताच्या कडेला पाणी वाहून जायच्या बारीक नळ्या असतात त्यात पानं अडकतात, त्या दर महिन्याला साफ करा, नाहीतर पाणी सीटखाली साचतं आणि तिथल्या वायरिंगची वाट लागते. कापडी छत असेल तर ओलं असताना दुमडू नका, बुरशी धरते. पंख्याखाली वाळू द्या.

माझी आई ७० वर्षांची आहे. तिला एकदा उघड्या गाडीत डोंगरात न्यायचंय, पण वारा, थंडी, केस... बसेल का ती? — वाचक, सहकारनगर

बसेल. या सगळ्या पत्रांत मला तुमचं पत्र सगळ्यात जास्त आवडलं.

दोन्ही काचा वर ठेवा, लोकांना वाटतं छत उघडलं की काचा खाली पाहिजेत, पण वारा मागून वळून मानेवर येतो तो काचा वर असल्या की निम्मा होतो. सीटच्या मागे जाळी लागत असेल तर लावा. पायाकडे हीटर चालू, अगदी छत उघडं असताना सुद्धा, पाय गरम असले की बाकी अंगाला वारा बोचत नाही. कानाला स्कार्फ, नऊवारी किंवा पाचवारीचा पदर नीट खोचून त्यावर सीटबेल्ट, आणि एक शाल मांडीवर. गोळी घेत असतील वळणांसाठी तर निघायच्या आधी तासभर. पहिल्यांदा खडकवासल्याच्या कडेने पानशेतकडे न्या, तिथे वळणं सौम्य आहेत, आवडलं तर पुढच्या वेळी साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासकडे. ३५ च्या वर जाऊ नका.

आणि एक, त्या डाव्या सीटवर असणार, त्यामुळे दरी जाताना डावीकडे येते की परत येताना, हे आधी एकदा एकटे जाऊन बघून या. ज्या फेरीत दरी त्यांच्या बाजूला येते त्याच वेळी छत उघडा.