ओळखीतल्या स्टार्टअपमध्ये १० लाख गुंतवण्याआधी नेमकं काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार कंपनी ऑनलाइन माल विकते, महिना ४० लाखांची विक्री सांगते आणि ४ कोटींच्या प्री-मनीवर (नवे पैसे येण्याआधीचं कंपनीचं मूल्य) १ कोटी उभारतेय. पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायचं सादरीकरण, बाजूला ठेवा. मागच्या १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) आणि ऑर्डरींची कच्ची यादी मागा. यादी एक्सेलमध्येच हवी, पीडीएफ नको. तिन्ही महिनावार शेजारी मांडा. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, कारण कुरियरवाले सीओडीचे (माल पोचल्यावर रोख घेतलेले) पैसे उशिरा देतात, शुल्कही कापतात. पण डेकमधल्या ४० लाखांत रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डरीही धरल्या असतील, तर ते इथे उघडं पडतं.

मग एका ऑर्डरचा हिशोब. समजा ग्राहक ६०० रुपये देतो. १८% जीएसटी काढला की उरले ५०८. माल १८०, पॅकिंग-कुरियर ९०, पेमेंट गेटवे १२, हाती २२६. आता आरटीओ, म्हणजे दारातून परत आलेली पार्सलं. १०० पैकी २० परत आली आणि प्रत्येकी १५० बुडाले, तर पोचलेल्या ऑर्डरमागे आणखी ३७-३८ गेले. राहिले साधारण १८८. जाहिरातीवर नव्या ग्राहकामागे ३५० खर्च होत असतील, तर पहिल्या ऑर्डरला १६२ चा तोटा. म्हणून खरा प्रश्न एकच: जानेवारीत पहिल्यांदा घेणाऱ्यांपैकी जुलैपर्यंत किती जण पुन्हा आले? हे ऑर्डरींच्या यादीतून तुम्हीच काढा. संस्थापक सरासरी सांगतात, आणि सरासरीत जुने निष्ठावान ग्राहक नव्यांचं अपयश झाकतात.

खात्यातली शिल्लक भागिले महिन्याचा निव्वळ खर्च, हेही पाहा. ६० लाख आणि ८ लाख म्हणजे साडेसात महिने. पुढची गुंतवणुकीची फेरी उभारण्यातच त्यातले बरेच जातात.

१० लाखांना ५ कोटी पोस्ट-मनीवर (४ कोटी अधिक नवे १ कोटी) २% मिळतील. पुढच्या दोन फेऱ्यांत २०-२०% डायल्यूशन झालं, म्हणजे नवे शेअर निघून तुमचा वाटा तितका घटला, की १.२८%. ईसॉप पूल (कर्मचाऱ्यांसाठी राखलेले शेअर) आधीच धरलाय का, विचारा. एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) संकेतस्थळावर कंपनीवरचे चार्जेस (कर्जापोटी मालमत्तेवर ठेवलेले बोजे) आणि जुनी विवरणपत्रंही बघून घ्या. सोडून गेलेल्या सहसंस्थापकाकडे ३०% शेअर अडकलेत, असं निघालं तर मी थांबेन.

पैसे फक्त कंपनीने या शेअरवाटपासाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्यात भरा. ६० दिवसांत शेअरवाटप व्हायला हवं, त्यानंतर १५ दिवसांत पीएएस-३ (शेअरवाटपाची सरकारला माहिती देणारा फॉर्म) भरला गेला पाहिजे. तो भरेपर्यंत कंपनीला ही रक्कम वापरता येत नाही.