गाडीतला फ्रिज रात्रीच का बंद पडतोय?

प्रश्न (निपाणीहून): दादा, आम्ही जुनी ट्रॅव्हलर घेऊन मागं झोपायची-स्वयंपाकाची सोय केलीय, बारा व्होल्टचा कंप्रेसरवाला फ्रिज पण बसवलाय. निपाणीपासून सौंदत्तीपर्यंत गाडी चालू असताना एकदम झकास थंड होतंय, पण डोंगरावर गाडी बंद करून झोपलं की थोड्या वेळानं फ्रिज बंद, मग आपोआप चालू, परत बंद, रात्रभर असंच. आत आईचं इन्सुलिन असतंय त्यामुळं डोळ्याला डोळा लागत नाही. बॅटरीवर मीटर लावला तर १२.४ दाखवतोय, तरी दुकानदार म्हणतोय बॅटरी गेली, नवीन टाका. टाकू का?

उत्तर: इतक्यात नका टाकू. तुम्ही मीटर लावलाय बॅटरीवर आणि चालवायचाय फ्रिज, म्हणून बॅटरीवर किती आहेत ते सोडा, फ्रिजच्या तोंडाशी किती व्होल्ट पोचतायत ते बघा, आणि तेही कंप्रेसर चालू असताना. बंद असताना मोजलं तर करंटच वाहत नाही, मग सडलेली वायर पण पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि आपण फसतो.

आता दिवसा का चालतंय ते सांगतो. इंजिन चालू असलं की अल्टरनेटर १४ च्या आसपास व्होल्ट देतोय, वाटेत एक व्होल्ट खाल्ला गेला तरी फ्रिजला १३ मिळतात, त्याला काही कळत पण नाही. इंजिन बंद केलं की बॅटरीचे १२.४, त्यातनं वायरनं खाल्लेले वजा करा. बॅटरीपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत ७ मीटर वायर धरू, जाऊन-येऊन १४ मीटर, दीड एमएमची असेल तर पाच अँपिअरला जवळजवळ ०.८५ व्होल्ट नुसत्या तांब्यात गेले. वरनं फ्रिज लायटरच्या सॉकेटात खुपसलेला असेल तर तिथल्या ढिल्या स्प्रिंगवर अजून थोडे जाणार. राहिले ११ च्या आसपास. फ्रिजला वाटतंय बॅटरी संपत आली, म्हणून तो ती वाचवायला स्वतः बंद होतो. बंद झाला की करंट थांबला, करंट थांबला की व्होल्टेज परत १२.४, मग त्याला वाटतंय सगळं ठीक आहे आणि तो परत चालू होतो. तुमचं रात्रभरचं चालू-बंद ते हेच असणार बघा.

खात्री अशी करा. कंप्रेसर चालू असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी फ्रिजच्या प्लसवर धरा, त्यासाठी लांब वायरचा तुकडा जोडून घ्या. चांगली वायर असेल तर आकडा ०.१-०.२ च्या आत येतो, ०.८ आला तर ते ०.८ त्या वायरीनं खाल्ले. मग तेच मायनसला करा, आणि मायनसला आळस नको, कारण आपल्याकडं बरेच जण मायनस नुसता बॉडीला स्क्रूनं आवळून टाकतात. खानापूर-चोर्ला बाजूच्या पावसात दोन सीझन काढलेली एक गाडी मी उघडली होती, वरनं काळी टेप छान गुंडाळलेली, टेप सोडली तर आत लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर, हिरवं-पांढरं पीठ जमलेलं आणि स्क्रूखालचा रंग तसाच, म्हणजे पत्र्याला तांबं नीट लागलंच नव्हतं. मालकानं त्याआधी दोन बॅटऱ्या बदललेल्या, दोन्हीचे पैसे पाण्यात. असं बघितलं की जीव तुटतो.

उपाय महाग नाही. सहा एमएमची फ्लेक्सिबल वायर, प्लस आणि मायनस दोन्ही, थेट बॅटरीपासून फ्रिजपर्यंत ओढा. लग नीट क्रिंप करून, म्हणजे पकडीनं घट्ट दाबून बसवा, नुसतं पिळून टेप मारू नका. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ पाहिजे, १५ अँपिअरचा. लायटरचं सॉकेट काढूनच टाका. फ्रिजवर बॅटरी प्रोटेक्शनचं हाय-मीडियम-लो सेटिंग असेल आणि मागची बॅटरी वेगळी असेल तर मीडियमवर ठेवा. गाडी चालू करायच्याच बॅटरीवर फ्रिज असेल तर मात्र हायच बरं, हायवर फ्रिज लवकर बंद होऊन बॅटरी राखतो, नाहीतर सकाळी डोंगरावर धक्का मारायला माणसं शोधत फिराल.

हां, फ्रिज चालू असताना खुद्द बॅटरीवरच व्होल्टेज झटक्यात ११.५ पर्यंत येत असेल तर मग दुकानदार बरोबर, बॅटरीच थकलीय.

आणि आईचं इन्सुलिन फ्रिजच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, तिथं गोठतंय, आणि एकदा गोठलं की वापरायचं नाही. डब्यात घालून मधे ठेवा, शेजारी छोटा थर्मामीटर, २ ते ८ डिग्री पाहिजे.

प्रश्न (अथणीजवळच्या मळ्यातनं): आमचा थ्री-वे फ्रिज आहे, गॅस, बारा व्होल्ट, २३० तिन्हीवर चालणारा. गाडी मळ्यात उभी करून घरची लाईट दिली की लाल दिवा लागतोय पण थंड होत नाही, गॅसवर मात्र चांगलं होतंय. काय बिघडलं असेल?

उत्तर: ताई, गॅसवर होतंय म्हणजे फ्रिज आतनं ठीक आहे. ह्यात कंप्रेसर नसतोय, गॅसवर ज्योत आणि लाईटवर एक हीटर असतोय, त्यानं तापलं की आतला अमोनिया फिरतो आणि थंड होतंय. शेजारपाजारचे पंप चालू झाले की व्होल्टेज १७० वर येतंय का बघा, वायरमनला मोजायला सांगा, स्वतः उघड्या २३० ला हात लावू नका. १७० ला हीटरची ताकद निम्म्याच्या थोडी वर राहते, दिवा लागतोय पण थंड करायला बळ पुरत नाही. व्होल्टेज बरोबर निघालं तर लाईट काढून हीटरचा रेझिस्टन्स मोजायचा, १२५ वॅटचा असेल तर सव्वाचारशे ओहमच्या आसपास यायला पाहिजे, अनंत दाखवला तर हीटर जळालाय. गाडी सपाट जागी आहे ना तेही बघा, तिरकी असली तर हा फ्रिज कशावरच नीट चालत नाही. बारा व्होल्टवर हा तब्बल दहा अँपिअर ओढतो, तोही थांबून थांबून नाही, सलग, म्हणून ते बटण फक्त इंजिन चालू असतानाच.

प्रश्न (बेळगावहून): घरचा जुना सिंगल डोअर फ्रिज इन्व्हर्टरवर गाडीत चालेल का?

उत्तर: चालेल, पण कंप्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि छोटा इन्व्हर्टर तिथंच ट्रिप मारतो. मोठा घेतला तर रिकामा चालू असताना पण तो बॅटरी खात बसतो. दोन दिवसाच्या फिरण्याला बर्फाचा चांगला डबा पुरतोय की.