आठ रकाने

प्रिय,

भक्तीच्या अभ्यासाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. मांडणी चोख. पण ठाण्याच्या कौपिनेश्वराच्या देवळातल्या श्रावणी सोमवारवरची बारा पानं वाचून मला रांग कळली, फुलवाल्यांचा धंदा कळला; त्या भल्यामोठ्या पिंडीसमोर ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिल्यावर काय होतं, ते कुठेच नाही. तू तर तिथे तासन्‌तास होतीस!

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर १९१७ साली म्युनिकच्या व्याख्यानात म्हणाला की जगावरची जादू उतरली. ते तू पहिल्याच पानावर घेतलंस. राहू दे. पण तो एवढंच म्हणतो, की सगळं हिशेबात बसवता येईल असा भरवसा माणसाला आला. गळा दाटून यायचा थांबला, असं काही तो म्हणत नाही.

आपल्या कीर्तनकारांकडे यासाठी तयार यादी आहे, मूळ नाट्यशास्त्रातली: स्तंभ (जागीच खिळणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). अष्टसात्त्विक भाव. सगळे अंगावर दिसणारे. श्रद्धा आहे की नाही, हा प्रश्नच त्यात नाही. वहीत हे आठ रकाने आख. ‘का’ नंतर विचार.

मी हे उलटं केलं होतं. तुझ्याच वयाचा असताना तलावपाळीजवळच्या एका कीर्तनात रडणाऱ्या मावशींना प्रश्नावली घेऊन गाठलं. ‘का रडलात?’ त्या म्हणाल्या, ‘आलं रडू. प्रसाद घेतलास का?’ मी लिहिलं: उत्तर नाही. हातात गरम शिरा होता, द्रोणाला तूप सुटलेलं, आणि माझाही आवाज फुटत नव्हता. तेवढं सोडून सगळं टिपलं!

मात्र डोळे पाणावले म्हणजे देव सिद्ध झाला, असंही नव्हे. नवरात्रात टेंभी नाक्याला जाशील तेव्हा भारावणं आणि भारावून टाकणं वेगळं ठेव. दिवे कोणी लावले, आवाज किती वाढवायचा हे कोण ठरवतं, त्यालाही भेट. छातीत धडधडलं ते देवीमुळे की स्पीकरमुळे, हे तुलाही लगेच सांगता येणार नाही, दोन्ही लिही.

आणि ओळख निघाली तर एखाद्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरचा मलिदा हा विधी पाहा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं स्मरण, ठाण्यातल्या मराठी घरात. तिथे आधी वास टिपायचा.

रविवारी वही घेऊन ये. तुझ्या स्वतःच्या नावाचं पान आधी दाखव.

तुझा,
सर