गाडीच्या डिकीतून आणि कपड्यांतून पेट्रोलचा वास कसा घालवावा?

डिकीतला पेट्रोलचा कॅन कलंडला, काही पेट्रोल कार्पेटवर आणि काही पॅन्टवर सांडले, एअर फ्रेशनर लावूनही वास हटत नाही, तेव्हा पॅन्ट सरळ वॉशिंग मशीनमध्ये टाकावी का, असे आपण विचारले आहे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण धोका तिथे आहे. पॅन्ट आत्ता मशीनमध्ये टाकू नका, आणि तिला किंचितही वास येत असेल तोवर ड्रायरमध्ये तर मुळीच टाकू नका. पेट्रोलची वाफ उणे 40 अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, आणि हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड टक्का झाले की एक ठिणगी पुरते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती वर उडून न जाता मशीनच्या ड्रममध्ये किंवा डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात साचून राहते.

याच कारणासाठी गाडी बंद गॅरेजमधून बाहेर काढून उघड्यावर उभी करा, आसपास कोणालाही सिगारेट ओढू देऊ नका, आणि कार्पेट ओले असताना त्यावर व्हॅक्यूम क्लीनर किंवा हेअर ड्रायर चालवू नका. व्हॅक्यूम क्लीनर ती वाफ थेट आपल्या मोटरकडे ओढतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही.

वास येतो आहे याचा अर्थ पेट्रोल अजून कुठेतरी शिल्लक आहे. म्हणून सुगंधाने तो झाकण्यापेक्षा ते शिल्लक पेट्रोल शोधण्यावर वेळ खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक वेळा ते कार्पेटच्या वरच्या थरात नसून खालच्या फोममध्ये किंवा नमद्यात मुरलेले असते. डिकीतले सामान काढा, कार्पेट उचला, स्टेपनीही बाहेर काढा आणि तळाचा पत्रा पुसून कोरडा करा. ओला भाग जुन्या सुती फडक्याने दाबून टिपावा. घासल्यास पेट्रोल आणखी पसरते. वापरलेली फडकी बंद कचरापेटीत कोंबू नयेत, ती मोकळ्या हवेत पसरून आधी पूर्ण वाळू द्यावीत.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर हे उपाय सर्वत्र सुचवले जातात, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. सोडा आम्लधर्मी वासांवर रासायनिक काम करतो आणि व्हिनेगर अल्कधर्मी वासांवर; पेट्रोल म्हणजे हायड्रोकार्बनांचे मिश्रण, ते आम्लही नाही आणि अल्कही नाही. सोड्याचा जो काही उपयोग होतो तो कोरडी भुकटी म्हणून ओल शोषण्यापुरता. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल मात्र खरोखर कामाचा आहे, कारण त्याच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर हे हायड्रोकार्बन धरून ठेवले जातात. पेट्रोल गाडीत टाकीची वाफ अडवण्यासाठी जो डबा बसवलेला असतो, त्यातही हाच कोळसा भरलेला असतो. मात्र कार्पेट कोरडे झाल्यावरच तो पसरट भांड्यात घालून डिकीत काही दिवस ठेवावा. ओल्या पेट्रोलपुढे त्याची क्षमता लवकर संपते.

पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावर मागे जो तेलकट अंश राहतो, त्यासाठी भांडी घासण्याचा लिक्विड साबण पुरेसा आहे. कोमट पाण्यात थोडा साबण घालून फडक्याने लावावा, टिपून घ्यावा आणि स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुन्हा टिपावा. पाणी ओतू नये, नाहीतर पेट्रोलच्या वासाची जागा कुबट वास घेईल. फोम आरपार भिजला असेल, तर तो बदलणे हाच शहाणपणाचा आणि बहुधा स्वस्त मार्ग ठरतो. नंतर दिवसा उन्हात दारे आणि डिकी उघडी ठेवावी, आणि गाडी चालवताना आतलीच हवा फिरवणारे बटण बंद ठेवून बाहेरची हवा आत घ्यावी. आपले नाक काही वेळाने त्या वासाला सरावते, म्हणून वास गेला की नाही हे घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी विचारावे.

आता पॅन्ट. ती घराबाहेर, शेगडी आणि देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून दूर टांगून पूर्ण वाळू द्या. मग डागावर तोच लिक्विड साबण चोळून अर्धा तास ठेवा, हाताने धुवा, आणि वास गेल्याची खात्री झाल्यावरच इतर कपड्यांपासून वेगळी मशीनला लावा. वास उरला तर साबणापासून पुन्हा सुरुवात करावी. ब्लीचचा इथे काही उपयोग नाही. ड्राय क्लीनरकडे द्यायची असल्यास पेट्रोल सांडल्याचे त्याला आवर्जून सांगावे. पेट्रोल पायाला लागले असेल तर ती जागा साबणाने भरपूर धुवावी. ते त्वचेतले तेल ओढून घेते आणि भिजलेले कापड बराच वेळ अंगावर राहिल्यास त्वचा पोळते.

हेच डिझेलच्या बाबतीत घडले असते तर काम अधिक चिकाटीचे ठरले असते. डिझेल सहज उडून जात नाही, त्यामुळे नुसत्या हवेवर भरवसा ठेवता येत नाही. साबणाचे हात अधिक द्यावे लागतात आणि कापडाला सोसेल इतके गरम पाणी वापरावे लागते. ड्रायरची मनाई तिथेही कायम राहते.

एवढे करून वास गेला आणि टाकी भरल्यावर किंवा गाडी उन्हात उभी राहिल्यावर पुन्हा आला, तर दोष सांडलेल्या पेट्रोलचा नसून गळतीचा असण्याची शक्यता मोठी आहे. टाकीच्या झाकणाचे रबर, पेट्रोल भरण्याच्या नळीचा जोड, आणि अनेक गाड्यांत मागच्या सीटखाली असलेल्या फ्युएल पंपाचे सील, या तीन जागा मेकॅनिकला आधी तपासायला सांगा, आणि तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका.